विस्थापितांचा मागोवा कसा घ्यावा: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

संकट कोसळल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी समन्वयाच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लोक घर सोडून निघाले आहेत आणि ते सध्या कुठे आहेत? कोणी वीस हजार म्हणतो, कोणी तीस, आणि संध्याकाळपर्यंत त्यातला एक आकडा तंबू, पाणी आणि औषधांच्या मागणीपत्रावर चढलेलाही असतो. तो कोणी मोजला, कोणत्या तारखेला मोजला, नातेवाइकांकडे उतरलेली कुटुंबे त्यात धरली की नाहीत, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. अशा बैठकीत यापुढे ज्यांना माहितीचा कागद घेऊन बसायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

शिरगणती आणि मागोवा ही दोन वेगळी कामे आहेत. शिरगणती एका दिवसाची असते. मागोवा घेणे म्हणजे त्याच ठिकाणी, त्याच व्याख्येने, तेच प्रश्न घेऊन पुन्हा जाणे आणि मधल्या काळात काय बदलले ते सांगता येणे. त्यामुळे पहिल्या फेरीतले जवळपास सगळे निर्णय दुसरी फेरी डोळ्यांपुढे ठेवून घ्यावे लागतात. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना, म्हणजे आयओएम, २००४ पासून, इराकमधील कामापासून, ‘डिस्प्लेसमेंट ट्रॅकिंग मॅट्रिक्स’ ही पद्धत वापरत आली आहे. आज ‘डीटीएम’ या आद्याक्षरांनीच ती ओळखली जाते. पुढे सांगितलेल्या बऱ्याच पायऱ्या तिच्याशी जुळतात. पण त्या पाळण्यासाठी मोठ्या संस्थेचेच मनुष्यबळ हवे असे नाही.

पहिली पायरी: कोणाला मोजायचे ते लिहून काढा

अंतर्गत विस्थापित कोणाला म्हणावे, याचे वर्णन संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. महासचिवांचे तत्कालीन प्रतिनिधी फ्रान्सिस डेंग यांच्या पुढाकाराने तयार झालेली ही ३० तत्त्वे आहेत. सशस्त्र संघर्ष, सर्वत्र पसरलेला हिंसाचार, मानवी हक्कांचे उल्लंघन, नैसर्गिक किंवा मानवनिर्मित आपत्ती यांमुळे, किंवा त्यांपासून बचाव करण्यासाठी, ज्यांना आपले नेहमीचे राहते ठिकाण सोडणे भाग पडले आणि ज्यांनी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडलेली नाही, ते अंतर्गत विस्थापित होत. सीमा ओलांडली की प्रश्न निर्वासितांच्या कायद्याकडे जातो आणि तिथले नियम वेगळे असतात. अंतर्गत विस्थापित असणे ही कायद्याने बहाल केलेली पदवी नाही, ते परिस्थितीचे वर्णन आहे. त्यामुळे एखाद्याकडे कोणताही दाखला नसला तरी तो विस्थापित असू शकतो. आफ्रिकी संघाने २००९ मध्ये स्वीकारलेला आणि २०१२ पासून अमलात आलेला कंपाला करार मात्र त्यात सामील झालेल्या देशांवर बंधनकारक आहे. अशा देशात काम असेल, तर तेथील राष्ट्रीय कायद्याची व्याख्या आधी वाचून घ्यावी.

व्याख्या वाचताना सोपी वाटते. खरी कसरत काठावरच्या प्रसंगांत होते. घर कोसळले म्हणून शेजारच्या गल्लीतील भावाकडे राहायला गेलेले कुटुंब विस्थापित धरायचे का? वादळाच्या इशाऱ्यावरून आदल्या रात्री हलवलेले आणि चार दिवसांनी परतलेले लोक? विस्थापनानंतर जन्मलेले मूल? हंगामी मजुरीसाठी दरवर्षी जाणारा, पण यंदा गाव जळाल्यामुळे परत न जाऊ शकणारा मजूर? पहिल्या दोन प्रसंगांत माझे उत्तर होकारार्थी आहे, कारण अंतर किंवा कालावधी ही अट व्याख्येत कुठेही नाही. विस्थापनात जन्मलेल्या मुलांची नोंद वेगळ्या रकान्यात करावी, म्हणजे पुढे आकडा वाढला तर तो नव्या विस्थापनामुळे वाढला की जन्मांमुळे, हे कळते. मजुराच्या बाबतीत त्याला सध्या परत जाता येते का, हा प्रश्न निर्णायक ठरतो. तुमची उत्तरे माझ्यापेक्षा वेगळी असू शकतील, परंतु ती पहिल्या प्रगणकाला बाहेर पाठवण्यापूर्वी कागदावर उतरलेली असली पाहिजेत, नाहीतर दहा प्रगणक दहा व्याख्या घेऊन हिंडतील.

दुसरी पायरी: साठा आणि ओघ वेगळे ठेवा

‘विस्थापितांची संख्या’ हा शब्दप्रयोग दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. विशिष्ट तारखेला विस्थापित अवस्थेत राहणारे लोक हा साठा, तर विशिष्ट कालावधीत झालेली विस्थापने हा ओघ. पाच जणांचे एक कुटुंब पुरामुळे शाळेत गेले, तेथून बाहेर काढल्यावर नातेवाइकांकडे गेले आणि तिथेही पाणी शिरल्यावर छावणीत आले, असे समजा. ओघाच्या हिशोबात ही पंधरा विस्थापने झाली. साठ्यात माणसे पाचच आहेत. जिनिव्हातील इंटर्नल डिस्प्लेसमेंट मॉनिटरिंग सेंटर दरवर्षी दोन्ही आकडे प्रसिद्ध करते. २०२४ अखेरीस जगभरात ८ कोटी ३४ लाख लोक अंतर्गत विस्थापित अवस्थेत होते आणि त्याच वर्षात ६ कोटी ५८ लाख विस्थापने नोंदली गेली. या दोन संख्यांची बेरीज किंवा वजाबाकी करून काहीही सिद्ध होत नाही, तरीही बातम्यांत ती सर्रास केलेली दिसते. आपल्या तक्त्यात प्रत्येक रकान्याच्या शीर्षकात ‘अमुक तारखेस’ किंवा ‘अमुक ते अमुक कालावधीत’ हे शब्द असावेत. रकाना अरुंद दिसतो म्हणून ते गाळू नयेत.

जुने आणि नवे विस्थापित वेगळे दाखवणे हेही याच शिस्तीत येते. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी युद्ध पेटले आणि जून २०२४ मध्ये तेथील अंतर्गत विस्थापितांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. पण या कोटीत युद्धापूर्वीच, विशेषतः दारफुरमधील जुन्या संघर्षात, उखडले गेलेले लाखो लोकही होते. आगमनाचा काळ विचारला नसता, तर संपूर्ण संख्या या युद्धाच्या खात्यावर पडली असती आणि वीस वर्षे छावणीत काढलेल्या कुटुंबाची गरज कालच आलेल्या कुटुंबासारखीच मानली गेली असती.

तिसरी पायरी: ठिकाणांची यादी

हे काम रटाळ आहे आणि ते कनिष्ठांवर टाकण्याची प्रथा आहे. मी म्हणेन, ते सगळ्यात अनुभवी व्यक्तीने करावे. एकाच जिल्ह्यात एका नावाची तीन गावे असतात, एकाच गावाची चार स्पेलिंगे असतात, आणि स्थानिक लोक ज्या वाडीला एक नाव देतात तिला सरकारी नकाशावर दुसरेच नाव असते. पहिल्या फेरीत एका लेखनाने आणि दुसऱ्या फेरीत दुसऱ्या लेखनाने नोंदलेले गाव संगणकाच्या लेखी दोन गावे होतात: एक रिकामे झालेले आणि एक नव्याने भरलेले. अहवालात ते ‘स्थलांतर’ म्हणून दिसते.

यावरचा उपाय म्हणजे संकेतांक. संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी समन्वय कार्यालय, म्हणजे ओचा, अनेक देशांतील प्रशासकीय क्षेत्रांना ‘पी-कोड’ देते, आणि सीमांचे नकाशे व कोडच्या याद्या ह्युमॅनिटेरियन डेटा एक्स्चेंज या त्यांच्या खुल्या संकेतस्थळावर मिळतात. जिथे गावपातळीपर्यंत कोड नाहीत, तिथे वरच्या पातळीचा कोड घेऊन त्यापुढे आपला क्रमांक जोडावा, अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि एकदा दिलेला क्रमांक, ते ठिकाण बंद झाले तरी, दुसऱ्या ठिकाणाला कधीही देऊ नये. यादीत छावण्या, शाळा-सभागृहांसारखी सामूहिक निवाऱ्याची ठिकाणे आणि यजमान वस्त्या असे तीन प्रकार वेगळे असावेत. यजमान वस्त्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण कॅमेऱ्यात छावणी दिसते, पण बहुतेक संकटांत विस्थापितांतील मोठा भाग नातेवाईक, ओळखीचे किंवा भाड्याच्या खोल्या यांच्याकडे वळलेला असतो.

यादी तयार करण्यासाठी वरून खाली उतरावे. जिल्हा पातळीवर दोन-तीन जाणत्या व्यक्तींना विचारावे की कोणत्या भागांत लोक आले आहेत. त्या भागांत जाऊन कोणत्या गावांत ते विचारावे. मग गावात जावे. ‘इथे कोणीही आलेले नाही’ असे कळलेल्या गावांचीही नोंद शून्य म्हणून करावी. शून्य आणि ‘माहिती नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दुसऱ्या फेरीत तो फार उपयोगी पडतो.

चौथी पायरी: माहितगारांशी बोलणे

घरोघर जाऊन मोजणे संकटाच्या पहिल्या आठवड्यांत बहुधा शक्य नसते. म्हणून प्रत्येक ठिकाणी माहितगार व्यक्ती गाठाव्या लागतात: गावप्रमुख, शिक्षक, आरोग्यसेविका, छावणीचे व्यवस्थापक, विस्थापितांनीच निवडलेले प्रतिनिधी. मागोव्याची गुणवत्ता ठरते ती या संभाषणात, त्यामुळे इथे जरा थांबून एक संभाषण जवळून पाहू.

प्रगणक विचारतो, “तुमच्या गावात बाहेरून आलेले किती लोक आहेत?” गावप्रमुख म्हणतात, “पुष्कळ.” “कुटुंबे अंदाजे किती असतील?” “शंभर तरी असतील.” नवखा प्रगणक इथे शंभर लिहून पुढच्या गावाला निघतो. अनुभवी प्रगणक वही उघडून म्हणतो, “ती कुठे कुठे उतरली आहेत, ते एकेक ठिकाण घेऊन पाहू या का?” मग शाळेत बारा, प्रार्थनास्थळाच्या आवारात आठ, नदीकडच्या वाडीत पंधरा आणि गावातल्या घरांतून सव्वीस, अशी एकसष्ट भरतात. “आणि उरलेली?” “ती मागच्या आठवड्यात पुढे शहराकडे गेली.” शंभर हा आकडा खोटा नव्हता, तो ओघाचा होता आणि प्रश्न साठ्याचा होता. शिवाय आता ३९ कुटुंबे शहराच्या दिशेने गेल्याचा धागाही हाती लागला आहे, जो शहरातल्या प्रगणकाला त्याच संध्याकाळी कळवता येतो.

पुढचा प्रश्न कुटुंब म्हणजे काय, हा आहे. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, ही जनगणनेत रुळलेली समजूत सोयीची आहे. परंतु यजमानाच्या चुलीवर तीन विस्थापित कुटुंबे जेवत असतील तर ती एक धरायची की तीन, हे प्रशिक्षणात ठरवून द्यावे लागते. मी मूळ ठिकाणी वेगळी चूल होती का, असे विचारून तीन धरण्याच्या बाजूचा आहे, कारण परत जाताना ती तीन म्हणूनच जातील आणि मदतही तशीच लागेल. त्यानंतर गुणाकार येतो. एकसष्ट कुटुंबांना सरासरी पाचने गुणले तर ३०५ माणसे होतात, सहाने गुणले तर ३६६. एका गावात ६१ जणांचा फरक किरकोळ वाटतो, पण तोच एक अंक चारशे गावांवर चालवला की एक अख्खी छावणी कागदावर उभी राहते किंवा नाहीशी होते. सरासरी कुटुंबसंख्या जुन्या जनगणनेतून आंधळेपणाने उचलू नये. विस्थापनात कुटुंबे फुटतात, पुरुष मागे राहतात, म्हातारी माणसे दुसऱ्या मुलाकडे जातात. प्रत्येक प्रकारच्या काही ठिकाणी वीस-पंचवीस कुटुंबांना प्रत्यक्ष विचारून ही सरासरी स्वतः काढावी आणि स्त्री-पुरुष व वयोगटांची विभागणीही याच नमुन्यावरून करावी.

एका माहितगारावर विसंबू नये. निदान तिघांना विचारावे, त्यांत किमान एक स्त्री असावी आणि किमान एक व्यक्ती स्वतः विस्थापित असावी. गावप्रमुखाला मदत हवी असल्यामुळे आकडा फुगवण्याचा मोह असतो, तर जिथे विस्थापितांना आसरा देणे धोक्याचे आहे तिथे तोच गावप्रमुख आकडा लपवतो. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उत्तरे जुळली नाहीत तर सरासरी काढून मोकळे होऊ नये. फरक का पडला, हे विचारले की अनेकदा कळते की एकाने वरची वाडी धरलीच नव्हती. मग डोळ्यांनी पाहून पडताळावे: तंबू किंवा खोल्या किती, पाण्याच्या रांगेत किती भांडी, शाळेच्या वर्गांत अंथरुणे किती. सामूहिक निवाऱ्यात मोजायचे असेल तर पहाटे जावे. दिवसा मोठी माणसे कामाच्या शोधात बाहेर असतात आणि मदतवाटपाच्या वेळी आजूबाजूचे लोकही येऊन बसतात, त्यामुळे एकच शाळा दुपारी अर्धी आणि वाटपाच्या वेळी दुप्पट दिसते. शेवटी प्रगणकाने प्रत्येक ठिकाणच्या आकड्याला आपला भरवसा नोंदवावा: पक्का, मध्यम, कच्चा.

प्रश्नावलीबद्दल थोडेसे

प्रश्न कमी असावेत. किती कुटुंबे, किती माणसे, कुठून आली, कधी आली, कशामुळे आली, कशा निवाऱ्यात राहतात, याआधी आणखी कुठे विस्थापित झाली होती का, पुढे काय करण्याचा विचार आहे, आणि पाणी, अन्न, आरोग्य, निवारा यांतली सर्वांत निकडीची गरज कोणती. पहिल्या फेरीला एवढे पुरते. प्रत्येक संस्थेला आपापला एक प्रश्न घुसवायचा असतो आणि दहा मिनिटांची मुलाखत पाऊण तासावर जाते. अशा वेळी मी एकच विचारतो: या उत्तरावरून तुम्ही कोणता निर्णय बदलणार आहात? उत्तर आले नाही तर प्रश्न गळतो. अपंगत्वाबद्दल माहितगाराला विचारून भरवशाचे काही मिळत नाही. ते कुटुंबपातळीवरच्या सर्वेक्षणात वॉशिंग्टन ग्रुप या अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या गटाच्या सहा प्रश्नांच्या छोट्या संचाने विचारावे.

माहिती भरण्यासाठी कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके ही साधने इंटरनेट नसतानाही मोबाइलवर चालतात आणि नेटवर्क मिळाल्यावर माहिती वर पाठवतात. ठिकाणांची यादी फॉर्ममध्येच घालावी, म्हणजे प्रगणकाला नाव टाइप करावे लागत नाही, निवडावे लागते. त्यासोबत कागदी फॉर्मची एक थप्पी ठेवावी, कारण बॅटरी उतरते आणि काही नाक्यांवर फोन बाहेर काढणे शहाणपणाचे नसते.

नोंदणी, नाक्यावरची मोजणी, फोन आणि उपग्रह

वरची पद्धत ठिकाणांची आहे, व्यक्तींची नाही. शिधा किंवा रोख रक्कम माणशी वाटायची असेल तेव्हा नावानिशी नोंदणी करावी लागते. दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर २०१३ नंतर हजारो लोक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या जुबा, बेंतिऊ आणि मलाकाल येथील तळांच्या आवारात शिरले आणि पुढे या ठिकाणी बोटांच्या ठशांसह बायोमेट्रिक नोंदणी झाली. नोंदणी खर्चिक असते, मंद असते आणि ती जाहीर होताच लोक तिच्यासाठी येऊ लागतात. म्हणून आधी एकाच सकाळी, सगळ्या ब्लॉकमध्ये एकदम, तंबूतंबूत जाऊन टोकन किंवा मनगटी पट्टी द्यावी आणि नंतरच्या दिवसांत फक्त टोकनधारकांची सविस्तर नोंद करावी, ही रीत रुळली आहे. ज्याच्याकडे टोकन नाही पण जो खरोखर त्या सकाळी आजारी किंवा बाहेर होता, त्याच्यासाठी तक्रारीचे टेबल पहिल्या दिवसापासून मांडलेले असावे. नवख्यांनी नोंदणीची यादी म्हणजेच विस्थापितांची संख्या असे समजू नये. ती मदतीस पात्र ठरलेल्यांची यादी असते.

लोक अजून वाटेवर असतील तर नाके, पूल, बसथांबे, धक्के अशा ठिकाणी ठरावीक तासांत येणारे-जाणारे मोजता येतात आणि त्यांतल्या काहींना कुठून कुठे चालला आहात हे विचारता येते. यातून दिशा आणि चढउतार कळतात. बेरीज कळत नाही, कारण मधल्या पायवाटेवर कोणी उभे नसते.

मोबाइलच्या नोंदींचा उपयोग पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो हैतीमध्ये. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर संशोधकांनी डिजिसेल कंपनीच्या निनावी सिमकार्डांच्या हालचालींवरून असा अंदाज काढला की भूकंपाच्या दिवशी राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये असलेल्यांपैकी सुमारे ६ लाख ३० हजार लोक १९ दिवसांत शहराबाहेर गेले होते. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतरही एनसेल या मोबाइल कंपनीच्या माहितीवर असेच काम झाले. युक्रेनमध्ये आयओएमने वेगळी वाट धरली: आक्रमण सुरू झाल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, ९ ते १६ मार्च २०२२ या काळात, यादृच्छिक क्रमांक फिरवून देशभरातील २,००० लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यावरून ६४ लाख ८० हजार अंतर्गत विस्थापितांचा अंदाज मांडला. फोन जवळजवळ प्रत्येकाकडे आहे आणि जाळे चालू आहे अशा देशात हे जमते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानमधील दूरसंचार सेवा मोठ्या प्रमाणावर बंद पडली, तशा परिस्थितीत ते जमणार नाही. सिमकार्ड म्हणजे माणूस नव्हे, हेही ध्यानात असावे: मुलांकडे सिम नसते, अनेक घरांत एकच फोन असतो, आणि हालचाल दिसली तरी ती नाइलाजाची होती की नेहमीची, हे सिम सांगत नाही. उपग्रहचित्रांतून तंबू मोजता येतात, पण छपराखाली कोण आहे ते दिसत नाही. ही साधने, जिथे पाय पोहोचत नाहीत तिथली दिशा दाखवायला आणि जमिनीवरच्या आकड्यांची उलटतपासणी करायला वापरावीत.

दुसरी फेरी

समजा, पहिल्या फेरीत तुम्ही १२० ठिकाणी गेलात आणि ४८,००० विस्थापित मिळाले. महिन्याने रस्ता मोकळा झाला, १५० ठिकाणी गेलात आणि ५७,००० मिळाले. ‘एका महिन्यात नऊ हजारांनी वाढ’ असे शीर्षक बातमीत येणार, हे उघड आहे. आता फक्त आधीची १२० ठिकाणे वेगळी काढा. तिथे आज ४४,००० आहेत, म्हणजे चार हजारांनी घट झाली आहे. उरलेले १३,००० लोक नव्या तीस ठिकाणी आहेत, जिथे ते कदाचित पहिल्या दिवसापासून होते. परिस्थिती बिघडत नसून आपली पोहोच वाढली आहे, असा पूर्ण उलटा अर्थ निघतो. म्हणून प्रत्येक अहवालात ‘दोन्ही फेऱ्यांत पाहिलेली ठिकाणे’ आणि ‘नवी ठिकाणे’ असे दोन आकडे वेगळे द्यावेत, आणि जिथे या वेळी जाता आले नाही त्या ठिकाणी मागचा आकडा नेऊन ठेवला असेल तर तसे स्पष्ट लिहावे. आगमनाच्या तारखेचा प्रश्न इथे कामाला येतो: नव्या तीस ठिकाणचे लोक कधी आले, हे विचारलेले असेल तर ‘कदाचित’ हा शब्द गाळता येतो.

घटलेल्या चार हजारांचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. ते घरी परतले असतील, दुसरीकडे गेले असतील, किंवा त्यांना हुसकावले गेले असेल. हैतीमध्ये जुलै २०१० मध्ये छावण्यांतील लोकसंख्या सुमारे १५ लाखांवर होती आणि पुढे ती झपाट्याने उतरली, परंतु त्या उतारात जमीनमालकांनी सक्तीने काढलेली कुटुंबेही होती. छावणी रिकामी होणे आणि विस्थापन संपणे एक नव्हे. विस्थापन केव्हा संपले म्हणावे, याची चौकट आंतरसंस्था स्थायी समितीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांच्या समन्वय मंचाने, २०१० मध्ये दिली आहे. मूळ ठिकाणी परतणे, जिथे आहेत तिथेच मिसळून जाणे किंवा तिसऱ्याच ठिकाणी वसणे या तीन वाटांपैकी कोणतीही निवडली तरी सुरक्षितता, राहणीमान, उपजीविका, घर-जमिनीचे हक्क अशा निकषांवर विस्थापनाशी निगडित गरजा उरलेल्या नसाव्यात, असा तिचा आशय आहे. म्हणून परतलेल्यांसाठी वेगळा फॉर्म ठेवावा आणि त्यात ते स्वतःच्या घरात राहतात की घराच्या ढिगाऱ्याशेजारी ताडपत्रीखाली, हे विचारावे. यादीतून त्यांचे नाव काढणे सोपे असते. नंतर त्यांना शोधणे फार अवघड जाते.

माहिती जपणे

कोणत्या गावात कोणत्या समाजाचे किती लोक लपले आहेत, ही माहिती मदत करणाऱ्याला हवी असते आणि पाठलाग करणाऱ्यालाही. संघर्षाच्या भागात काम करताना ही जाणीव प्रत्येक रकान्यामागे असावी. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले की सायबर हल्ल्यात ५ लाख १५ हजारांहून अधिक असुरक्षित लोकांची माहिती उघडी पडली, आणि त्यांत संघर्ष किंवा आपत्तीमुळे कुटुंबापासून तुटलेले लोकही होते. अनुभवी संस्थेबाबत असे घडू शकत असेल, तर प्रगणकाच्या खिशातल्या कुलूप नसलेल्या फोनची गोष्टच वेगळी.

उपाय साधे आहेत, पण कंटाळा न करता पाळावे लागतात. ठिकाणांच्या मागोव्यात विस्थापितांची नावे घेऊच नयेत. माहितगारांची नावे व फोन क्रमांक पुढच्या फेरीसाठी लागतात, ते वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्डसह, दोन-तीन जणांपुरतेच ठेवावेत. वंश, धर्म, राजकीय कल हे प्रश्न टाळावेत. संरक्षणाच्या कामासाठी ते टाळता येत नसतील तर त्यांची उत्तरे प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यात येऊ नयेत. धोक्याच्या भागात गावाचा आकडा न देता वरच्या प्रशासकीय पातळीची बेरीज द्यावी आणि नकाशावरचा ठिपका नेमक्या जागी ठेवू नये. मुलाखतीपूर्वी आपण कोण, माहिती कशासाठी, कोणाला दिली जाईल आणि उत्तर न देण्याची मुभा आहे, हे समोरच्याच्या भाषेत सांगावे. आणि उत्तर दिल्याने मदत मिळेलच असे नाही, हेही त्याच दमात सांगावे, नाहीतर पुढच्या फेरीत त्या गावात पाऊल ठेवणे कठीण होते. आंतरसंस्था स्थायी समितीची २०२१ मध्ये निघालेली आणि २०२३ मध्ये सुधारलेली, डेटाच्या जबाबदार वापराबद्दलची कार्यमार्गदर्शिका या सगळ्यासाठी हाताशी असू द्यावी.

आकडा बाहेर देताना

अंदाजाला अंदाजासारखे दिसू द्यावे. माहितगारांच्या सांगण्यावरून काढलेली ४७,८६३ ही संख्या अचूकतेचा भास निर्माण करते. ‘सुमारे ४८,०००’ लिहिणे अधिक प्रामाणिक आहे. आकड्याच्या त्याच पानावर, तळटीपेत न ढकलता, तारीख, किती ठिकाणे पाहिली आणि किती पाहता आली नाहीत, माहिती कोणाकडून घेतली, कुटुंबाची सरासरी किती धरली आणि कच्च्या भरवशाच्या ठिकाणांचा वाटा किती, हे पाच तपशील द्यावेत. प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधित शासकीय यंत्रणेला आणि इतर संस्थांना मसुदा दाखवावा. त्यांनी आकडा बदलण्याचा आग्रह धरला तर कोणत्या ठिकाणी, कोणत्या पुराव्यावरून, असे विचारावे. पुरावा असेल तर आनंदाने दुरुस्ती करावी आणि नसेल तर त्यांचा आक्षेप अहवालात नोंदवून आपला आकडा तसाच ठेवावा. उशीर होत असेल तर अर्धवट अहवाल वेळेवर द्यावा. सहा आठवड्यांनी आलेला निर्दोष तक्ता तंबू वाटणाऱ्याच्या कामाचा नसतो, तोपर्यंत लोक हललेले असतात.

अहवाल गेल्यानंतरच्या आठवड्यात दोन कामे करावीत. प्रगणकांना एकत्र बसवून कोणता प्रश्न लोकांना कळला नाही, कोणत्या गावात दार लावले गेले, कोणाला नाक्यावर अडवले, हे ऐकून घ्यावे आणि प्रश्नावलीतील दुरुस्त्या तारखेसह नोंदवाव्यात. आणि माहितगारांना फोन करून त्यांच्या गावाचा छापलेला आकडा त्यांना वाचून दाखवावा. “एकसष्ट नाही, आता अठ्ठावन्न, तीन कुटुंबे परवा गेली,” असे कोणीतरी सांगतेच. तो आकडा तारीख घालून वहीत लिहून ठेवावा.